कशासाठी मावशी आणि माझा लॅपटॉप

घरापासून इतक्या लांब, कच्छमधल्या एका बंदरावर मी आज तिसरं वर्ष काढतोय ते 'कशासाठी मावशीं'मुळे. काय झालं ते पुढे सांगतोच. पण नाव आधी घेऊन टाकतो, कारण गोष्ट सांगताना भलतीकडे जायची मला सवय आहे आणि तेवढ्यात नाव राहून गेलं तर दिवसभर मला तेच खात राहील.

हे काही त्यांचं खरं नाव नाही. शहापूरच्या तहसील कचेरीच्या भिंतीला लागून त्यांची टपरी होती. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि गिऱ्हाइकाला बसायला एक स्टूल. दाखले, नोंदण्या, नोकरी, कसलेही अर्ज त्या भरून द्यायच्या. बाहेर पाटी होती, तिच्यावर त्यांचं पूर्ण नाव होतं, पण ते कुणी वाचत नसे. कारण माणूस स्टुलावर टेकला की त्याचं नाव-गाव विचारायच्या आधी मावशी चष्म्यावरून बघून विचारायच्या, "कशासाठी?"

एकदा एक नवं जोडपं लग्नाच्या नोंदणीला आलं होतं. पोरीच्या हातावरची मेंदी अजून गेली नव्हती. मावशींनी विचारलं, "कशासाठी?" पोरगा गांगरला. म्हणाला, "कशासाठी म्हंजे? लग्न झालंय आमचं!" मावशी म्हणाल्या, "ते दिसतंय मला. नोंदणी कशाला पायजे, पासपोर्टला का रेशनकार्डात नाव घालायला?" पोरगी तोंडावर पदर घेऊन हसत सुटली ती फॉर्म भरून होईपर्यंत.

आमच्याकडे माणसं दाखला काढून ठेवतात, 'असू दे घरात' म्हणून. मावशींना ते अजिबात चालत नसे. दाखल्यावर कारण लिहावं लागतं आणि एका कारणाचा दाखला दुसऱ्या कारणाला चालत नाही, म्हणून माणूस दोनदा हेलपाटे घालतो, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं. एका म्हाताऱ्या बाबांना त्यांनी माझ्यासमोर उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तीनदा तोच प्रश्न विचारला. बाबा दोनदा म्हणाले, "असू दे गो घरात." तिसऱ्यांदा हळूच म्हणाले, "नातीला वसतिगृहात टाकायचीय. सून नको म्हणते, म्हणून बोललो नाय." मावशींनी चहा मागवला, अर्ज भरला आणि मग बाबांना म्हणाल्या, "आता ह्यो दाखला चालंल. मघाचा नसता चालला."

खराब झालेले झेरॉक्स त्या फेकत नसत. पाठच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने आधी सगळा अर्ज लिहायच्या, माणसाला वाचून दाखवायच्या आणि मगच कॉम्प्युटरला हात लावायच्या. कुणी लपवाछपवी करायला लागला तर म्हणायच्या, "कागदाला लाज नसते. लाज आपल्याला असते. तू मला नको सांगू, कागदाला सांग."

आता माझं. मी शेणव्याचा. शाळा मी नववीत सोडली. वर्गात उभं राहून धडा वाचायला सांगितला की माझा गळा बंद व्हायचा, आणि पोरं हसायला लागली की पुढची ओळच दिसायची नाही. सुट्टीत दोन महिने म्हणून आटगावला एका कंपनीत पॅकिंगला लागलो तो परत वर्गात गेलोच नाही. तिथे तीन वर्षं बरी गेली, कारण संध्याकाळी घरी येता यायचं. मग ती कंपनी बंद पडली आणि बाहेरगावी जाणं आलं.

बाहेरगावी मी टिकत नाही, हे तोवर गावभर झालं होतं. पुण्याला गेलो, तिसऱ्या दिवशी परत. सुरतेला गेलो, आठव्या दिवशी परत. कुणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. नुसती छाती आवळायची आणि पाय स्टेशनकडे चालायला लागायचे. फाट्यावर उतरलो की पारावरची पोरं ओरडायची, "आला रे पाहुणा! पक्या, ह्या वेळी निदान बॅग तरी उघडली होतीस का?" आई काही बोलायची नाही. ताट वाढायची. ते न बोलणं मला जास्त लागायचं.

मग हे बंदराचं काम आलं. कंटेनरच्या यार्डात हेल्पर, राहायला खोली, चांगला ठेकेदार. आई म्हणाली, "हे शेवटचं हां पक्या. आता परत आलास तर मी कुठं तोंड दाखवू?" ती रागावून नव्हती बोलली. थकून बोलली होती.

माझी छाती मोकळी असायची अशी एकच जागा होती, ती म्हणजे आमच्या शेजारच्या बबल्याच्या ओटीवर. त्याच्या मामाने त्याला डिप्लोमासाठी लॅपटॉप घेऊन दिला होता. त्यावर आम्ही फुटबॉलचा गेम खेळायचो. बॉल माझ्या माणसाकडे आला की मला कुठलीही भीती नसायची. कोण कुठे उभा आहे, कुठे पास द्यायचा, सगळं दिसायचं. असं का होतं ते मला सांगता येत नाही. बबल्यानेच युक्ती काढली, "तू पण एक लॅपटॉप घे. तिकडून ऑनलाइन ये. एकाच टीममधून खेळू. रविवारी दोन तास मी हाय ना तुझ्याबरोबर." त्याने हेही सांगितलं होतं की ग्राफिक्स कार्डवाला घे, साधा घेऊ नको. आणि तो परीक्षेला ठाण्याला निघून गेला.

शहापूरच्या दुकानात मी एकटाच गेलो. दुकानदार चांगला माणूस होता. त्याने विचारलं, "काय, कॉलेजला पाहिजे का?" मी म्हटलं, "हो." ते एक 'हो' निघालं आणि मग सगळं त्याच्यामागून गेलं. एकोणीस वर्षांचा बाप्या, नववीतून पळालेला, कामाला जायच्या आधी खेळायला लॅपटॉप मागतो, हे चार लोकांत बोलायला माझी जीभ वळेना. ग्राफिक्स कार्ड म्हटलं की गेम आलाच, म्हणून तेही बोललो नाही. त्याने एक चांदीच्या रंगाचा, पातळ, वहीसारखा लॅपटॉप दाखवला. मी मान हलवली. तो म्हणाला, "उद्या घेऊन जा, बाजूला काढून ठेवतो." घरीसुद्धा मी अभ्यासालाच सांगितलं होतं. बाहेरून दहावी देणार म्हणून. आईला केवढा आनंद झाला होता.

त्याच दिवशी ठेकेदाराला लागणाऱ्या चारित्र्य पडताळणीचा अर्ज भरायला मी मावशींच्या स्टुलावर बसलो. अर्ज दहा मिनिटांत झाला. मग त्यांची नजर माझ्या हातातल्या रंगीत पत्रकावर गेली.

"हे काय?"

"लॅपटॉप घेतोय, मावशी."

"कशासाठी?"

"अभ्यासाला."

"कसला अभ्यास?"

मी पत्रकाची घडी करत बसलो. एकदा केली, उलगडली, परत केली. मावशींनी एक खराब झेरॉक्स ओढला, पाठीमागे पेन्सिलीने माझं नाव, वय, गाव लिहिलं, खाली 'वस्तू: लॅपटॉप' असं लिहिलं आणि 'कारण' लिहून पुढे जागा सोडली. कागद माझ्याकडे सरकवला आणि आपण दुसऱ्या गिऱ्हाइकाचा फोटो कातरायला घेतला.

मी लिहिलं, 'गेम खेळायला.' त्यांनी वाचलं. हसल्या नाहीत.

"बरं. आणि गेम कशासाठी?"

तिथे माझा बांध फुटला म्हणा. पुणं, सुरत, पारावरची पोरं, आईचं न बोलणं, बबल्याची ओटी, सगळं सांगितलं. मागे दोघेजण खोळंबले होते, त्यांनीही ऐकलं असणार. शेवटी त्यांनी माझं लिहिलेलं न खोडता त्याच्याखाली आपल्या अक्षरात एक ओळ लिहिली, 'परगावी टिकून राहण्यासाठी.' आणि म्हणाल्या, "हे कारण काय लहान हाय का रे? मग तोंड चोरतोस कशाला? चल, मला दाखव तो लॅपटॉप."

दुपारच्या सुट्टीत कचेरी ओस पडते, तेव्हा त्या टपरीवर फडकं टाकून माझ्याबरोबर आल्या. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. मावशींनी दारातूनच विचारलं, "शेठ, ह्या पोराला गेम खेळायचाय. पळत्या माणसांचा, फुटबॉलचा. तुमी बाजूला काढलाय त्याच्यात चालंल का?" मला जमीन दुभंगावी असं वाटलं. पण कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. एक बाई चार्जरची वायर मोजत होती, ती मोजतच राहिली.

दुकानदार म्हणाला, "चालेल की, हळू चालेल."

"हळू म्हंजे किती? चालवून दाखवा."

त्याने कुठूनतरी तसाच एक गेम चढवला. खेळाडू मैदानात असे पाय उचलत होते, जसे काही चिखलणीत उतरलेत. मध्येच सगळे थांबायचे आणि बॉल एकटाच पुढे जायचा. दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. "अरे, आधी बोलायचं ना! तू म्हणालास कॉलेजला. ह्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. हा लिहायला-वाचायला, सिनेमा बघायला." मग त्याने खरा गेमिंगचा दाखवला, काळा, जाडजूड. तो चांगला होता, पण माझ्या आवाक्यात बसत नव्हता. मावशी त्याला म्हणाल्या, "तुमचा दोष नाय. अर्जच चुकीचा होता." आणि मला घेऊन बाहेर पडल्या.

मावशींचं माहेर मुरबाडचं. त्यांच्या भावाचा मुलगा तिथे बाजारात मोबाइल-लॅपटॉप दुरुस्त करतो आणि वापरलेले विकतोही. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, किन्हवलीवरून जाणाऱ्या एसटीने आम्ही गेलो. मे महिना होता. त्यांनी वाटेत करवंदांचा द्रोण घेतला आणि मुरबाडपर्यंत मला एक प्रश्न विचारला नाही. तेवढा वेळ त्यांना गप्प बसलेलं मी पहिल्यांदाच बघितलं.

भाच्याने आम्हाला बघून कपाळाला हात लावला. "आत्या, गिऱ्हाईक आणलंस का झडती घ्यायला आलीस?"

"आज मी आत्या नाय. ह्याच्या बाजूने आलेय. आत गेमवाले दोन असतील ते काढ."

त्याने दोन काढले. एकाच्या कळांखाली लाल, हिरवे, निळे दिवे लागायचे. माझे डोळे तिथेच चिकटले. दुसरा काळा, कोपऱ्यावर घासलेला, वजनाला भरपूर. भाचा इमानदार होता, सरळ बोलला. दिवेवाल्यात रॅम आहे तेवढीच राहणार, वाढवता येणार नाही, आणि ग्राफिक्स कार्ड नावालाच आहे. काळ्यात कार्ड चांगलं, रॅमची एक जागा मोकळी, पुढे वाढवता येईल. पण बॅटरी गेलेली. चार्जर काढला की अर्ध्या तासात मान टाकतो.

मावशींनी विचारलं, "ज्याचा होता त्याने विकला कशासाठी?"

"घराचे नकाशे काढायचा तो. मोठं काम मिळालं, नवा घेतला."

"म्हंजे कामाचा हाय." मग माझ्याकडे वळून, "तुझं काय म्हणणं?"

मी दिव्यांकडे पाहत होतो. मावशी म्हणाल्या, "दिवे खेळायचेत का गेम?" भाचा फिसकन हसला. मीही हसलो, आणि त्या हसण्यात माझा गळा मोकळा झाला असावा. मी पहिल्यांदा स्वतःहून दुकानात बोललो. म्हटलं, "ग्राफिक्स कार्ड आहे तोच पाहिजे. खोलीत बसूनच खेळणार, चार्जर लावून. बॅटरीचं चालेल मला."

"मग तासभर खेळून बघ," मावशी म्हणाल्या. भाच्याला म्हणाल्या, "पंखा बंद कर."

"आत्या, वर पत्रा हाय! मरू आपण."

"ह्याच्या खोलीत पंखा असंल का नसंल, तुला ठावं हाय का?"

पत्र्याखाली, भर दुपारी, पंखा बंद करून मी तासभर खेळलो. मावशी शेजारी स्टुलावर बसून एक हात लॅपटॉपच्या कडेला लावून होत्या, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा. आतला पंखा गिरणीसारखा घोंघावत होता. भाच्याने शर्टाची बटणं सोडली होती. सुरुवातीला मावशींनी विचारलं, "ते पिवळे आपले का?" मी हो म्हटलं. थोड्या वेळाने त्या पुढे सरकल्या. आणि मग एकदम ओरडल्या, "अरे, त्याला दे की! मोकळा उभा हाय तो कडेला!" मी दिला, आणि गोल झाला. पदराने घाम टिपत त्या म्हणाल्या, "तापलाय खरा, पण दमला नाय. घे हाच."

येताना एसटीत मात्र त्यांनी विचारलं, "आईला काय सांगितलंयस?"

"अभ्यासाला."

"मग शेणव्याला उतर आणि पाणी प्यायच्या आधी खरं सांग. तिकडं जाऊन बसशील आणि ती इकडं तुझ्या दहावीची वाट बघत राहील. असं करू नये रे."

मी सांगितलं. आई तांदूळ निवडत होती. सुपातला हात थांबला. "खेळायला? एवढा घोडा झालास तरी खेळायलाच?" मी मावशींच्या हातचा तो पेन्सिलीचा कागद पुढे केला. आईला वाचता येतं, पण हळू. खालची ओळ तिने बोट ठेवून वाचली. मग म्हणाली, "ह्याच्याने टिकशील?"

म्हटलं, "ठाऊक नाही. पण बघतो."

"नक्की टिकतो, असं नाय म्हणालास ते बरं केलंस," आई म्हणाली आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

इथे बंदरावर आलो तो बुधवार होता. खोलीत आम्ही सहाजण, सहा मुलखांचे. शुक्रवारी छाती आवळायला लागली. शनिवारी मी कारण न सांगता ठेकेदाराच्या माणसाकडून गाड्यांच्या वेळा विचारून आलो होतो. रविवारी सकाळी बॅग भरून ठेवली. परत येतोय एवढं बबल्याला सांगावं म्हणून लॅपटॉप उघडला. कानाला हेडफोन लावला तर तो आधीच शिव्या घालत होता, "कुठं मेलास रे? टीम लावून बसलोय कधीचा!" खेळ सुरू झाला. लॅपटॉपमधला तो पंखा घोंघावायला लागला. पंधरा मिनिटांनी मागे बघतो तर पाचही जण माझ्या पाठीशी, कुणी वाकून, कुणी चटईवर. ओडिशाचा एकजण प्रत्येक पासला "अरे यार!" म्हणून माझ्या खांद्यावर थाप मारत होता. दुपारी त्यांनी मला जेवायला हाक मारली ती नावाने. बॅग मंगळवारपर्यंत तशीच भरलेली होती. मग एकदा कपड्यांची गरज लागली म्हणून उघडली.

भीती गेली असं मी म्हणणार नाही. ती येते. पण आता ती आली तरी पाय स्टेशनकडे वळत नाहीत. गेल्या वर्षापासून मी यार्डातली कंटेनर उचलायची मोठी गाडी चालवायला शिकतोय. शिकवणारे म्हणतात, कोण कुठे उभा आहे ते तुला बरोबर दिसतं.

मावशींना मी महिन्यातून एकदा फोन करतो. रस्ता रुंद करताना त्यांची टपरी गेली. तशी गिऱ्हाइकंही कमीच झाली होती, हल्ली पोरं मोबाइलवरच अर्ज भरतात. त्या आता घरी असतात. त्या तक्रार करत नाहीत, पण फोन आधीपेक्षा लांबतात. मागच्या महिन्यात विचारत होत्या, "जहाज म्हंजे केवढं असतं रे? आपल्या कचेरीएवढं?" मी व्हिडिओ पाठवला. त्यांचा फोन आला, "ह्याच्यात काय कळत नाय. काडेपेटी दिसते."

म्हटलं, "मग या ना बघायला."

त्या म्हणाल्या, "एवढ्या लोकांचे अर्ज भरले मी, पासपोर्टचे, परदेशाचे. मी स्वतः शहापूर नायतर मुरबाड. तिसऱ्या जागी रात्र काढली नाय कधी. आता ह्या वयात भीती वाटते रे पोरा. छातीत कसंतरी होतं."

दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर मी 'त्यात काय घाबरायचं' असं म्हटलं असतं. त्यांना मला तसं म्हणता आलं नाही. मी एवढंच विचारलं की छातीत नक्की कुठे होतं, आणि त्यांनी सांगितलं, आणि मला ते ठाऊक होतं.

दिवाळीनंतर मला सुट्टी आहे. मी शहापूरला जाणार आणि त्यांना घेऊन येणार. गाडीत खिडकीशी त्यांना बसवीन, आमच्या ठेकेदाराच्या बायकोकडे त्यांची राहायची सोय बोलून ठेवलीय. धक्क्यावर नेऊन जहाज दाखवीन, खालून वर मान करून बघायला लागतं तेवढं. आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्यांना घरी पळावंसं वाटलं, तर मी त्यांना हसणार नाही आणि समजूतही घालणार नाही. शेजारी बसेन. एवढं मी त्यांचं देणं लागतो, आणि ते मी देणार आहे.